घोणसाच्या चित्रास, धर्मापुरीहून

मुक्काम पोस्ट धर्मापुरी, जिल्हा बीड
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप घोणसाच्या चित्रास,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. पाऊस यंदा वेळेवर आला. सोयाबीन फुलावर आहे, तुरीनं गुडघा गाठला. काल पंचमी झाली. लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले, वारुळावर लाह्या पडल्या, घरोघरी दिंडं शिजली. नागाला इजा होऊ नये म्हणून काल गावात कुणी विळी हातात घेतली नाही, चुलीवर तवा ठेवला नाही, कुळव धरला नाही. आज सकाळी मात्र खुरपायला गेलेल्या बाया ओरडत बांधावर आल्या. सरीत तुमचा जातभाई वेटोळं घालून पडला होता आणि कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कारत होता. मी पोचलो तेव्हा एका पोरानं दांडकं उगारलेलं. मी त्याचा हात धरला, दोन पावलं मागं नेलं आणि म्हटलं, आधी बघ तरी. पाठीवरचे ठिपके मोज, किती रांगा आहेत ते सांग. त्यानं मोजल्या: तीन. तेवढ्यात साप सावकाश उलगडला आणि तुरीत निघून गेला. पोरगं बराच वेळ तिकडंच बघत होतं. हे बघणं मला ज्यांनी शिकवलं त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून हे पत्र.

माझी ओळख सांगतो. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आता घरची शेती पाहतो. तुमचं वय सव्वादोनशेच्या पुढं गेलं. १७९६ साली लंडनमध्ये तुम्ही छापले गेलात. जन्म मात्र आपल्याकडचाच, पूर्व किनाऱ्यावरच्या विजगापट्टणचा. पॅट्रिक रसेल हा एडिंबरोचा डॉक्टर. अलेप्पो शहरात त्यानं प्लेगची साथ पाहिली होती. १७८१ साली तो भावासोबत विजगापट्टणला आला आणि पुढं कंपनी सरकारचा निसर्ग-अभ्यासक झाला. सापांनी माणसं मरत होती आणि विषारी कोणता, बिनविषारी कोणता, याचा कुणालाच धड पत्ता नव्हता. रसेलनं साप गोळा केले, त्यांचे दात तपासले, चाव्याचा परिणाम कोंबड्या-कुत्र्यांवर पाहिला आणि चित्रं काढून घेतली. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या खंडात अशी ४६ चित्रं आहेत. त्यातले एक तुम्ही.

तुमच्या खाली त्यानं लॅटिन नाव घातलं नाही. किनाऱ्यावरचे लोक जे म्हणत तेच रोमन अक्षरांत लिहिलं: कटुक रेकुल पोडा. तेलुगूत काटुक म्हणजे काजळ आणि रेकु म्हणजे पाकळी. पाठीवर काजळाच्या पाकळ्या असलेला साप! मी इतकी वर्षं पोरांना रंगांची नावं शिकवली, पण घोणसाच्या ठिपक्याला इतकं नेमकं नाव मला सुचलं नसतं. शास्त्रातलं नाव पुढच्याच वर्षी, १७९७ साली, जॉर्ज शॉनं रसेलच्या सन्मानासाठी ठेवलं. तुमच्या भावकीचंही असंच झालं. श्नायडर नावाच्या पंडितानं जर्मनीत बसून १८०१ साली मण्यार आणि फुरसं यांना शास्त्रीय नावं दिली, ती रसेलच्या चित्रांच्या आधारानं. आजही जगभरच्या पुस्तकांत मण्यारीचं शास्त्रीय नाव बंगारू, म्हणजे सोनं, या तेलुगू शब्दावरून चालतं. फुरशाला तर इंग्रज आपल्या पुस्तकांत फुरसाच म्हणत राहिले. आपल्या रानातली, किनाऱ्यावरची नावं तुमच्या पाठीवर बसून साता समुद्रापार गेली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता तक्रार. लहान तोंडी मोठा घास वाटला तर क्षमा असावी.

काही वर्षांपूर्वी मुंबईला गेलो असताना जुन्या छापील चित्रांच्या एका दुकानात शिरलो. भिंतीवर सोनेरी चौकटीत सापाचं एक चित्र होतं. मी जवळ गेलो. चित्राभोवती कागद जरासा दबला होता. तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर दाबून छापलं की कडेनं तसा चर उरतो. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं कोरलेल्या रेघा, त्यावर प्रत्येक प्रतीत हातानं भरलेले जलरंग. त्यामुळं एकाच चित्राच्या दोन प्रती अगदी सारख्या कधी निघत नाहीत. हे सगळं मी पोरांना फळ्यावर सांगत आलो होतो, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. आनंदानं डोळे भरून आले. मग डाव्या कडेकडं लक्ष गेलं. तिथं कागद सरळ पात्यानं कापलेला होता. कुठल्या तरी पुस्तकाच्या शिवणीतून तुमच्या त्या भावाला सोडवून, मागचा मजकूर टाकून देऊन, एकट्याला चौकटीत घातलं होतं.

त्यानंतर कळलं की हा रीतसर चालत आलेला व्यवहार आहे. अख्ख्या जुन्या पुस्तकाला जेवढी किंमत येते, त्याहून जास्त पैसे त्यातलं एकेक पान वेगळं विकून मिळतात. म्हणून पुस्तकं फाडली जातात. फुलांची पानं एकीकडं, पक्ष्यांची दुसरीकडं, आणि विषारी सापांना तर विशेष मागणी. दिवाणखान्यात नाग लावला की पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो म्हणे. तुमच्या पाठीमागं रसेलनं काय लिहिलं होतं, चावल्यावर किती वेळानं कोंबडी मेली, दात कुठं होते, खवले किती, ते सगळं त्या पात्याखाली गेलं. माणसं वाचावीत म्हणून काढलेलं चित्र सोफ्याच्या वर टांगलं गेलं. तुम्ही का नाही बोललात? तुमचा तो दुकानातला भाऊ माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, तिच्यात मला थोडी लाज दिसली. माझा भास असेल.

तुमच्याकडून आम्हाला काय मिळालं ते मात्र कुणी चौकटीत घालू शकत नाही.

मी पोरांना घेऊन दरवर्षी केदारेश्वराच्या देवळात चित्रं काढायला जात असे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं आमचं देऊळ. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांच्या बोटांची नखंसुद्धा दगडात उतरली आहेत. तिथं बसल्या बसल्या एकदा मनात आलं, आपल्याकडं साप किती कोरला, किती रंगवला! शंकराच्या गळ्यात, विष्णूच्या डोक्यावर, नागकन्येच्या कमरेखाली, कृष्णाच्या पायाखाली. श्रावणात भिंतीला चिकटवतात त्या जिवतीच्या कागदावर वर नरसोबा आणि खाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. पाटावर चंदनानं काढायचा नाग, पाच फण्यांचा, नऊ फण्यांचा. सगळीकडं फणा. फणा नसलेला साप आपल्या कलेनं कधी नीट बघितलाच नाही. मूर्तिकारानं बघितला नाही, छापखान्यानं बघितला नाही, म्हणून घरातल्या बाईनंही बघितला नाही. ज्याचं चित्र घरात नाही त्याची ओळख कुठून असणार? नागाला हळदकुंकू मिळालं. मण्यारीला, घोणसाला काहीच मिळालं नाही, आणि चावण्यात तर घोणस सगळ्यांच्या पुढं.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. ती घरात घडली आहे.

मी सातवीत होतो. उन्हाळ्याची सुट्टी, जमीन तापलेली. धाकटे चुलते ओसरीत सतरंजीवर झोपले होते. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठले. आजीनं ओवा दिला. चुलतीनं सांगितलं की रात्री भिंतीच्या कडेनं काळसर, बारीक काही तरी सरकत गेलं होतं. अंगावर काही दिसेना, सूज नाही, रक्त नाही. जमलेल्या माणसांनी विचारलं, फणा काढला होता का? नाही म्हणाली. मग काही नाही, धामणीचं पिल्लू असेल, म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. उजाडेपर्यंत चुलत्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. लोक म्हणाले, रात्रभर झोप नाही, झोपू द्या त्याला. जीभ जड झाली तेव्हा मारुतीच्या देवळात नेलं. गाडी मिळेपर्यंत ऊन चढलं होतं. ते परत आले नाहीत.

मण्यार. चावलेलं कळत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या गळतात, मग श्वास. आज हे मी झोपेत सांगू शकतो. त्या दिवशी आमच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं होती आणि एकालाही सांगता आलं नाही. आणि तीर्थरूप, शाळेच्या भिंतीवर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तुमच्या वंशातला एक तक्ता टांगलेला होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं विषारी साप ओळखण्याचे तक्ते काढले होते, मराठीतसुद्धा. ही संस्था १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली, त्यात डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन हे आपले दोघे. आमच्या शाळेतला तक्ता कुठून आला होता ठाऊक नाही. कोपरा फाटलेला, रंग विटलेले. नागपंचमीला माझी आजी शाळेत येऊन त्यातल्या नागाला कुंकू लावून गेली होती, त्या कुंकवाचं बोट तेवढं त्याच्यावर राहिलं होतं. त्याच नागाच्या शेजारी मण्यार होती. काळी-निळी, पांढऱ्या जोडपट्ट्यांची, शेपटीकडं पट्टे ठसठशीत. फणा नसलेली. शाळेला सुट्टी होती आणि खोलीला कुलूप होतं. कुलूप नसतं तरी कुणी बघायला गेलं नसतं, हे मला कळतं. पण त्या दिवसापासून मी तुमच्याकडं चित्र म्हणून पाहू शकलो नाही. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मी त्या तक्त्यापुढं उभा राहिलो आणि मण्यारीचे पट्टे पाटीवर उतरवून घेतले. चित्रकलेचा मास्तर मी तिथं झालो.

तुमच्या वेळी तर विषावर औषधच नव्हतं. तुमच्यानंतर पाऊण शतकानं कलकत्त्याच्या जोसेफ फेररनं शेकडो प्रयोग केले, माणसं सांगतील तो झाडपाला, ती मुळी, ती गोळी वापरून पाहिली. एकही लागू पडली नाही. १८७२ साली त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातली रंगीत चित्रं कलकत्त्याच्या आर्ट स्कूलच्या बंगाली चित्रकारांनी जिवंत साप समोर ठेवून काढली. त्यांत अन्नदाप्रसाद बागची हा विशीतला तरुण होता. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, असं ते शिळाछापाचं काम. पुढं याच बागचीनं कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला आणि देवादिकांची चित्रं छापून घराघरांत पोचवली. ज्या बोटांनी सापाचे खवले एकेक करून मोजले त्याच बोटांनी देव घडवले. मला हे वाचून फार बरं वाटलं. खवला आणि देव दोन्ही बघायला डोळा एकच लागतो.

तर सांगायचं असं की औषध नव्हतं तेव्हा तुम्हीच औषध होतात. साप ओळखून पाय मागं घेणं एवढाच उपाय होता, आणि तो तुमच्याजवळ होता. पुढं १८९५ च्या सुमारास अल्बेर काल्मेत यानं विषावरचा पहिला उतारा तयार केला. मग घोड्यांच्या रक्तातून तयार होणारं औषध आपल्याकडंही बनू लागलं, परळच्या हाफकिन संस्थेतही. आता नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध येतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना साप मारून नेऊन दाखवावा लागत नाही. ते पापण्या बघतात, सूज बघतात, काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलं असं समजतात. म्हणून कुणी म्हणेल, आता चित्रांची काय गरज? तर २००० ते २०१९ या वर्षांचा अभ्यास सांगतो की आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं जातात. बहुतेक खेड्यातली, बरीचशी घरीच, आणि जास्त करून पावसाळ्यात. औषध आहे, पण तिथवर पोचायला आधी कळावं लागतं की आपल्याला काय झालंय.

एक गाऱ्हाणं थेट तुमच्याबद्दलही आहे. ते चित्रकार म्हणून करतो. तुम्ही पांढऱ्याशुभ्र कागदावर पडून आहात. पानात मावावं म्हणून अंगाची सुरेख वळणं केली आहेत. डोकं एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला, उजेड सगळीकडून सारखा. आमच्या रानात तुम्ही असे कधी भेटला आहात? रब्बीत रात्रीची लाईट असते. बाऱ्यावर जायचं, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, चिखलात पाय. दारं धरताना दिसलात तर वीतभर दिसता, तेही दोन पापण्या मिटायच्या आत. सोयाबीन काढून गंजी लावली की तिच्या तळाशी उंदरांच्या मागं तुम्ही येता आणि वाळल्या पाल्यात असे मिसळता की हात घातल्यावरच कळतं. ज्या काजळाच्या पाकळ्या कागदावर इतक्या उठून दिसतात, त्याच पाचोळ्यावर तुम्हाला नाहीसं करतात. चित्रकारानं सगळं काढलं, फक्त जमीन काढली नाही. खरं संकट तर जमिनीतच होतं.

म्हणून आता विनंती.

आपण एकदा धर्मापुरीला यावं. मूळ कागदानं येण्याची तसदी घेऊ नका, त्याला ऊन आणि दमट हवा सोसायची नाही. जुन्या पुस्तकांची पानं आता मोठमोठ्या ग्रंथालयांनी यंत्रावर उतरवून सगळ्यांना मोफत दिली आहेत. माझ्या भाच्यानं ती शोधून काढली. आपली प्रत अंबाजोगाईला छापून घेईन. साधारण दोन हातांहून जास्त लांब, म्हणजे पुऱ्या वाढलेल्या घोणसाच्या मापाची. खाली मराठीत मोठं नाव लिहीन, आणि त्याच्याखाली ते तेलुगू नावही. आम्ही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होतो, तेलुगू आम्हाला परकी नाही. शेजारी दुसरं चित्र मी काढणार आहे. साप तोच, वळणं तीच, पण खाली सोयाबीनचा पाला, ढेकळं, पऱ्हाटीचे देठ. पोरांनी आधी तुम्हाला पांढऱ्यावर बघायचं, मग पाल्यात शोधायचं. सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही. तुम्ही परवानगी द्याल ना? आपल्या अंगावर कुणी माती टाकावी हे थोरांना आवडत नाही, पण ही आमच्या रानाची माती आहे.

कुठं लावायचं तेही ठरवलंय. शाळेला सुट्टी असते, म्हणून शाळेत एक आणि दुसरं पिठाच्या गिरणीत, जिथं बाया दळणाची वाट बघत बसतात. तिसरं मारुतीच्या देवळाच्या ओसरीत. चावलेलं माणूस लोक अजून कधी कधी आधी तिथंच आणतात, तर निदान तिथंच भिंतीवर लिहिलेलं असावं की पापण्या गळत असतील तर थांबू नका, अंबाजोगाई गाठा. सगळं लहान पोराच्या डोळ्याच्या उंचीवर. आमच्या शाळेतला तक्ता इतका उंच होता की आजीला कुंकू लावायला बाकावर चढावं लागलं होतं.

आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आमच्या बीडची पुष्कळ माणसं तेव्हा पश्चिमेला कारखान्यांवर जातात. पाचटाच्या कोप्या, आत जमिनीवर अंथरूण, लेकरं आईच्या कुशीत. मण्यारीला त्याहून सोपी जागा नाही. मुकादमाकडं प्रत्येक कोपीसाठी एक कागद द्यायचा विचार आहे, घडी घालून ट्रॅक्टरच्या पेटीत मावेल एवढा. म्हणून येताना एकटे येऊ नका, मण्यारीला बरोबर घेऊन या. रात्रीचं काम तिचं आहे.

वडीलधाऱ्यांना जास्त काय लिहावे. आपल्या मुंबईतल्या त्या भावाला माझा नमस्कार सांगावा. त्याची आठवण येते. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
धर्मापुरीचा चित्रकलेचा मास्तर

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता सकाळचं ते पोरगं दारात आलं. वहीच्या पानावर त्यानं पेन्सिलीनं साप काढून आणला होता. डोकं जरा मोठं झालंय, शेपूट कागदाबाहेर गेलीय. पण ठिपक्यांच्या रांगा तीन आहेत, आणि फणा नाही.